एका चेहऱ्याची दोन चित्रे



मंडळाच्या या व्याख्यानमालेत संतसाहित्य, मुक्तिसंग्राम, सीमाभागातील मराठी शिक्षण अशा विषयांवर जाणकारांनी आजवर विचार मांडले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. परंतु माणसाचा चेहरा पाहणे, तो नीट पाहणे, हे माझे रोजचे काम आहे. त्या अधिकाराने मी एक विषय निवडला आहे : दख्खनमध्ये आलेली आफ्रिकेची माणसे आणि त्यांचे चेहरे रंगवणारे चित्रकार.

हा विषय आपल्याला दूरचा वाटेल. तसा तो नाही. बीदर शहराच्या पूर्वेला एक टेकडी आहे. तिला हबशीकोट म्हणतात. सरकारी अतिथिगृहालाही तेच नाव आहे. मंत्री येतात, अधिकारी उतरतात, वर्तमानपत्रात ‘हबशीकोट अतिथिगृहात बैठक झाली’ असे छापून येते. पण त्या नावातले हबशी कोण, हे विचारले तर सांगणारा क्वचित भेटतो. निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात या टेकडीची आणि तिच्यावरील हबशी सरदारांच्या कबरींची नोंद आहे. आपण सहलीला चौबारा पाहतो, गवानचा मदरसा पाहतो, अष्टूरचे घुमट पाहतो. या टेकडीकडे आपली पावले वळत नाहीत.

‘हबशी’ हा शब्द हबश, म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. ‘सिद्दी’ हा शब्द अरबीतल्या ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, या मानाच्या संबोधनापासून आल्याचे सांगतात. एकाच प्रकारच्या लोकांना ही दोन नावे मिळाली. मराठीत मात्र त्यांचे पुढे काय झाले ते पाहा. हबशी म्हटले की दांडगा, काळाकुट्ट, खादाड माणूस असा अर्थ घरोघरी रूढ झाला, आणि सिद्दी म्हटले की जंजिऱ्याचा शत्रू. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्याच वेढ्याच्या वेळी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल फारसा कुणाला आठवत नाही.

ही माणसे इथे आली ती बहुतेक गुलाम म्हणून. आफ्रिकेच्या पूर्व भागातून मुलांना पकडून वा विकत घेऊन अरबस्तानच्या बंदरांत आणत आणि तिथून गलबतांनी कोकण-गुजरातच्या किनाऱ्याला. मालक त्यांना नवी नावे देत. ती नावे जरा मोठ्याने उच्चारून पाहा : अंबर, रैहान, संदल, याकूत, जौहर, दीनार. अंबर, रैहान आणि संदल म्हणजे चंदन ही सुगंधी द्रव्ये, याकूत माणिक, जौहर रत्न, दीनार तर सरळ नाणे. आईबापांनी ठेवलेले नाव पुसून त्या जागी मौल्यवान वस्तूचे नाव घातले जाई, कारण घेणाऱ्याच्या लेखी तो मुलगा वस्तूच होता.

पण दख्खनमधली गुलामगिरी जन्मभर एकाच पायरीवर थांबवणारी नव्हती. गुलाम शिपाई होई, शिपायाचा नाईक होई, मालक वारला की पुष्कळदा मोकळा होई आणि स्वतःची फौज बाळगी. दस्तूर दीनार हा हबशी सरदार बहमनी राज्याच्या पडत्या काळात गुलबर्ग्याचा कारभार पाहत होता. आजच्या कलबुर्गीचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस युसुफ आदिलशहाशी लढताना तो मारला गेला. नाण्याचे नाव घेऊन आलेला माणूस आपल्या जिल्ह्याच्या ठाण्याचा मालक होऊन गेला.

आता एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाने विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. बहमनी दरबारात दोन तट होते. इराण, तुर्कस्तान, मध्य आशियातून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते दख्खनी. हबशी समुद्रापलीकडून आलेले, तरी त्यांची गणना दख्खनी तटात होई. गोऱ्या आफाकींनी त्यांना आपल्यात घेतले नाही. दख्खनींनी घेतले, आणि त्यांनीही दख्खन आपली मानली. बाहेरचा कोण आणि इथला कोण, हे किती कोसांवरून आला यावर ठरत नव्हते. कुणाच्या पंगतीत बसला यावर ठरत होते.

या तंट्यात हबशी नेहमी न्यायाच्याच बाजूला होते, असा माझा दावा नाही. महमूद गवान हा गिलानचा आफाकी, थोर वजीर. १४८१ साली खोट्या पत्रावरून त्याचा वध झाला. ते पत्र तयार करण्यासाठी गवानचे शिक्के सांभाळणाऱ्या हबशी सेवकाला दारू पाजून फितवले, असे फेरिश्ता सांगतो. पुढे १४८७ साली दख्खनी आणि हबशी सरदारांनी बीदरच्या किल्ल्यात सुलतान महमूदशहावर चाल केली. ती फसली आणि नंतर त्यांची मोठी कत्तल झाली. माणसे होती, माणसांसारखी वागली. त्यांचे चेहरे कसे होते ते मात्र आपल्याला ठाऊक नाही. बहमनी काळातील हबशींची व्यक्तिचित्रे आपल्या हाती आलेली नाहीत. हबशीकोटावर दगड आहेत, चेहरा नाही.

चेहरा दिसतो तो शंभर-सव्वाशे वर्षांनंतर, आणि तो मलिक अंबराचा.

अंबराची हकिगत महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म इथिओपियात, १५४८ च्या सुमारास. मूळ नाव चापू असे सांगतात. हातोहात विकला जात बगदादला पोचला, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा अंबराने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. परांडा आपल्यापासून काही फार लांब नाही. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद. तिथे त्याने नहर खोदून पाणी आणले, जमिनीची प्रत पाहून धारा ठरवला. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, अंबर वारला. कबर खुलताबादला आहे.

आता त्याच्या चेहऱ्याची दोन चित्रे.

पहिले चित्र १६१६ च्या सुमाराचे. चित्रकार अबुल हसन, जहांगीर बादशहाचा अत्यंत आवडता. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. बादशहाच्या हाती धनुष्य आहे. समोर भाल्याच्या टोकावर खोचलेले मलिक अंबराचे कापलेले मुंडके आहे, त्याच्यावर घुबड आहे, आणि बादशहा त्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. भोवती बारीक फारसी अक्षरांत अंबराला रात्रीच्या आणि घुबडाच्या जोडीला बसवणारा मजकूर आहे. काळा रंग हाच त्याचा गुन्हा असावा, असा त्याचा सूर.

प्रत्यक्षात काय घडले होते? अंबराचे मुंडके कुणीही कापले नाही. जहांगीर आणि अंबर समोरासमोर कधी आले नाहीत. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगावला अंबराचा पराभव झाला खरा, पण तो पुन्हा उभा राहिला आणि पुढे दहा वर्षे लढला. म्हणजे रणांगणावर जे जमले नाही ते कागदावर करून घेतलेले हे चित्र. अबुल हसनची कारागिरी अजोड आहे, त्यात वाद नाही. परंतु त्याने रंगवला तो बादशहाच्या मनातला राग. त्या मुंडक्यात माणूस नाही.

दुसरे चित्र पाचदहा वर्षांनंतरचे. चित्रकार हाशिम. हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाशिम मूळचा दख्खनमध्ये घडलेला आणि नंतर उत्तरेत मोगल दरबारात गेलेला, असे कलेचे अभ्यासक मानतात. म्हणजे तोही स्थलांतरित. आपला मुलूख सोडून परक्या दरबारात पोट भरायला गेलेला दख्खनी कलावंत. दख्खनच्या सुलतानांची आणि सरदारांची चित्रे काढणे हे त्याचे तिथले खास काम होते.

हाशिमचा अंबर पूर्ण उभा आहे, चेहरा एका बाजूने दिसतो. अंगात साधा पांढरा जामा, सोबत लांब तलवार. वय सत्तरीपुढचे. शरीर सुटलेले, पोट पुढे आलेले. पांढऱ्या वस्त्रामुळे त्याचा गडद वर्ण अधिकच उठून दिसतो. चित्रकाराने तो वर्ण उजळ केलेला नाही आणि भेसूरही केलेला नाही. नाक, ओठ, गाल जसे आहेत तसे. घुबड नाही, भाला नाही, बाजूला शिव्या नाहीत. राज्यकारभाराने थकलेला, पण कुणापुढे न वाकलेला एक वृद्ध माणूस उभा आहे, एवढेच ते चित्र सांगते.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ही दोन्ही चित्रे एकाच दरबारातली आहेत. ज्या बादशहाने मुंडक्याचे चित्र करवले, त्याच्याच काळी, त्याच्याच पदरी असलेल्या चित्रकाराने हा सन्मानाने उभा असलेला अंबर काढला. हाशिमने बंड केले असे मी म्हणत नाही. मोगल दरबाराला शत्रूचाही चेहरा हुबेहूब हवा असे, कारण चेहऱ्यावरून माणूस जोखायचा असे. पण हुबेहूब काढायला आधी नीट पाहावे लागते, आणि नीट पाहायला हाशिमची तयारी दख्खनमध्ये झाली होती. ज्या मुलखात हबशी वजीर होता, सेनापती होता, बाजारात भेटणारा शिपाई होता, त्या मुलखातल्या चित्रकाराला काळा चेहरा म्हणजे आश्चर्य किंवा अपशकुन वाटणार नाही. त्याला तो चेहराच वाटेल.

शब्दांना मात्र उशीर लागला. जहांगीर आपल्या आठवणींत अंबराचा उल्लेख शिवीशिवाय सहसा करत नाही. अंबर वारल्यावर मोतमिदखान या मोगल बखरकाराने लिहिले, ते अगदी उलट : युद्धात, नेतृत्वात आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती, या अर्थाचे. शत्रूच्या लेखणीला जे मरणानंतर सुचले, ते हाशिमच्या कुंचल्याने अंबर जिवंत असतानाच दाखवले होते.

विजापूरकडे वळलो की हा चेहरा आणखी मोकळा होतो. मुहम्मद आदिलशहाच्या काळात मलिक रैहान नावाचा हबशी इखलासखान ही पदवी मिळवून राज्याचा प्रमुख मंत्री झाला. त्याची बरीच चित्रे आहेत. हैदर अली आणि इब्राहिम खान यांनी १६४५ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात सुलतान हत्तीवर आहे आणि त्याच्या मागे इखलासखान बसला आहे. ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्या संग्रहात हे चित्र होते. दुसरे, मुहम्मद खान या चित्रकाराचे, अमेरिकेत सॅन डिएगोच्या संग्रहालयात आहे. त्यात इखलासखानाच्या हातात कागद आहे, कुणाचा तरी अर्ज. मला हे चित्र फार आवडते. लढाई नाही, शिकार नाही; एक मंत्री हातात अर्ज घेऊन उभा आहे. आपल्या तहसील कचेरीत रोज दिसणारी गोष्ट. काळ्या माणसाचे रोजचे कामकाज हाही चित्राचा विषय होऊ शकतो, हे विजापूरच्या चित्रकाराला पावणेचारशे वर्षांपूर्वी कळले होते.

आज जगभर या विषयाची मोठी चर्चा आहे. नायजेरियात जन्मून अमेरिकेत गेलेली एनजिडेका अकुनयिली क्रॉस्बी घरातली टेबले, बैठकीच्या खोल्या, नवराबायकोचे निवांत क्षण रंगवते आणि त्यांत मायदेशातली छायाचित्रे मिसळते. घानाहून व्हिएन्नाला गेलेला अमोआको बोआफो चेहऱ्यांची त्वचा कुंचल्याऐवजी बोटांनी रंगवतो. आपल्या माणसांना नोकर, गुलाम किंवा खलनायक म्हणून पुष्कळ रंगवले गेले. आता ती घरात बसलेली, चहा पिणारी, नुसती असलेली दिसावीत, अशी या चित्रकारांची धडपड आहे. त्यांचे काम मोठेच आहे. त्यांच्या नावांशेजारी आपण हाशिमचे आणि मुहम्मद खानचे नाव घ्यायला हरकत नाही.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. हानेमान यांचा ‘ऑर्गॅनॉन’ १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्याकडून पहिली अपेक्षा आहे ती पूर्वग्रह न ठेवता निरीक्षण करण्याची. रोगाचे नाव आधी ठरवून मग रोगी पाहू नये. समोरचा माणूस कसा वेगळा आहे ते आधी पाहावे. इतर बाबतींत होमिओपॅथीशी कुणाचे मतभेद असतील, ते असोत. पण पाहण्याचा हा नियम कुणालाही लागू पडावा. अबुल हसनला नाव आधी सांगितले गेले होते : शत्रू, काळा, घुबड. मग त्याने चित्र काढले. हाशिमने आधी माणूस पाहिला.

माझ्या दवाखान्यात नवी बाळंतीण येते, सोबत तिची सासू असते. बाळाला सर्दी असते, त्याच्या गोळ्या मी देतो. उठता उठता सासू हळूच म्हणते, “डॉक्टरसाब, पोरीचा रंग जरा उजळंल असं काही द्या की.” हे वर्षातून एकदा नव्हे, महिन्यातून अनेकदा ऐकतो. त्या वेळी मी सांगतो ते इथेही सांगतो. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात संख्येने जवळपास सारख्याच असतात. फरक असतो तो त्या किती रंगद्रव्य बनवतात आणि त्याचे कण किती मोठे व कसे पसरलेले असतात, एवढाच. उन्हापासून शरीर वाचवण्याची ती सोय आहे. त्या पोरीला कसलाही आजार नाही, म्हणून औषध नाही. सासू मान डोलावते, आणि बाहेर जाऊन बहुधा क्रीम घेते. त्या मुलीने घरात पहिली गोष्ट ऐकली ती आपल्या रंगाबद्दलची तक्रार. अबुल हसनचा बाण फार लांबवर पोचला आहे, असे मला अशा वेळी वाटते.

मी जैन घरातला. आमच्या तत्त्वज्ञानात लेश्या नावाची कल्पना आहे. मनाच्या वृत्तींना सहा रंग दिलेले आहेत आणि सर्वांत वाईट वृत्तीला कृष्ण, म्हणजे काळा. हे ऐकून कुणी म्हणेल, तुमच्याकडेही तेच! पण आमच्या आचार्यांनी तिथेच एक रेघ स्पष्ट ओढली आहे. शरीराचा रंग ती द्रव्यलेश्या, मनाची वृत्ती ती भावलेश्या, आणि पहिलीवरून दुसरी ठरत नाही. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत आणि बाविसावे नेमिनाथ यांचा वर्ण श्यामच सांगितला आहे. वारकरी घरांनाही हे नवे नाही. ज्याच्या सावळ्या रूपासाठी आपल्या भागातून माणसे पायी पंढरपूरला जातात, त्याच रूपाची मुलगी सांगून आली की पत्रिका जुळत नाही. देव्हाऱ्यात एक नियम आणि बैठकीत दुसरा, हे किती दिवस चालवायचे?

आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही. हबशींचे वंशज आजही आपल्या राज्यात आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्ल्याळ, मुंडगोड, अंकोला भागात सिद्दी समाज राहतो. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरात कोकणी बोलतात, कन्नड बोलतात, काहींना मराठीही येते. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. हैदराबादेत ‘ए. सी. गार्ड्स’ नावाची वस्ती आहे, ती निजामाच्या आफ्रिकन घोडदळाच्या नावावरून. आपले दोन्ही जिल्हे निजाम राज्यातले. आपल्या आजोबांनी ते घोडेस्वार हैदराबादेत पाहिले असतील.

या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. आपल्याकडे जिला आपण वाकळ म्हणतो, तिची ही बहीण. चार कोपऱ्यांना त्या कापडाची घडी घालून लावतात, तिला फूल म्हणतात. आज त्या कवंद्या देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही मांडल्या जातात. त्यांत चेहरे नसतात, पण नवऱ्याचा फाटलेला सदरा, लेकीचे लहान झालेले परकर, सासूचे लुगडे असते. एका घराचे चरित्रच ते. दरबारी चित्रकाराची वाट न पाहता या बायांनी आपले रोजचे जगणे आपणच मांडले.

शेवटी मंडळाकडे आणि आपणा वाचकांकडे तीन मागण्या ठेवतो. पहिली, मंडळाची पुढची सहल हबशीकोटला न्यावी आणि तिथल्या कबरींची सद्यःस्थिती लिहून ती याच मालेत छापावी. दुसरी, आपल्या शाळांतील इतिहास आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी अंबराची ही दोन चित्रे मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावीत आणि एवढेच विचारावे की कोणत्या चित्रकाराने माणूस पाहिला. मुले बरोबर उत्तर देतील. तिसरी मागणी घरातली आहे. ‘हबशी’ हा शब्द शिवी म्हणून वापरणे थांबवावे, आणि तान्ह्या लेकीच्या रंगाबद्दल तिच्यासमोर बोलू नये. लहान मुलाला काही कळत नाही, हे खोटे आहे. ते सर्व ऐकते.